डब्यातला किडा कोणता?

भाद्रपदात उघडीप मिळाली की वडगावातील गच्च्यांवर आणि अंगणांत वाळवण पडते. एका चादरीवर तांदूळ, दुसरीवर गहू, सुपात मसूर, परातीत रवा असा सारा संसार उन्हात येऊन बसतो. जूनपासून चाललेल्या बेळगावी पावसाने भिंती ओलावलेल्या असतात, आणि वर्षाच्या बेगमीचे धान्य उघडावे तर त्यात काहीतरी वळवळताना दिसते. मग घरोघरी एकच वाक्य ऐकू येते : "धान्याला किडे झाले." हे वाक्य आम्हांस फार अपुरे वाटते. ताप आला एवढे ऐकून कोणी शहाणा वैद्य औषध देत नाही. ताप कशाचा, हे तो आधी पाहतो. धान्याच्या बाबतीत मात्र किडा कोणता हे न पाहताच औषधाच्या दुकानाची वाट धरली जाते, आणि तेथून जे घरात येते ते किड्यापेक्षा कितीतरी अधिक भयंकर असते. त्याविषयी पुढे लिहिणारच आहोत.

वास्तविक आपल्या भाषेत नावांची वाण नाही. सोंडे, टोके, पोरकिडे, भुंगेरे, पाकोळ्या, जाळी, कसर, घुण, वाळवी; एवढी नावे ज्या भाषेत आहेत, त्या भाषेच्या बायकांनी हे प्राणी किती बारकाईने पाहिले असतील! आज ही सारी नावे एकमेकांत मिसळून गेली आहेत. एका घरातला टोका दुसऱ्या घरात पोरकिडा होतो, आणि आमच्या कानडी शेजारणी तर सगळ्यांनाच 'हुळ' म्हणून मोकळ्या होतात. म्हणून नावाच्या वादात न शिरता रूपावरून आणि खुणांवरून ओळख पटवावी, हे बरे. एक पांढरा कागद, दुपारचे ऊन आणि मुलांच्या दप्तरातले भिंग एवढी सामग्री पुरते.

पहिला मान तांदळाचा. वडगाव, शहापूर, येळ्ळूर या शिवारातल्या तांदळाला, त्यातही येथल्या बासमतीला, मोठे नाव आहे. या तांदळाचा नित्याचा वैरी म्हणजे सोंड्या. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, रंग काळपट तपकिरी, पाठीवर फिकट तांबूस असे चार ठिपके, आणि पुढे हत्तीसारखी बारीक सोंड. ही सोंड दिसली की दुसरी खूण नको. बोट लावताच पाय आखडून तो मेल्याचे सोंग घेतो, हीही त्याची एक लकब. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, त्यात एक अंडे घालते आणि चिकट द्रवाने ते भोक लिंपून टाकते. एक मादी आपल्या आयुष्यात तीन-चारशे अंडी घालू शकते. अळी दाण्याच्या आतच जन्मते, आतच खाते, आतच तिचा कोष होतो, आणि उबदार हवेत महिन्याभराने पूर्ण वाढलेला किडा दाणा फोडून बाहेर येतो.

एवढे कळले की आपल्या वाळवणातली उणीव लगेच ध्यानात येते. तांदूळ उन्हात पसरला की किडे पळून जातात आणि गृहिणीला वाटते, झाले, धान्य साफ झाले. पळून गेले ते प्रौढ. दाण्यांच्या पोटात दडलेले बाळंतघर तसेच राहिले! म्हणून सोंड्याचे वाळवण एकदा करून भागत नाही. तीन-चार आठवड्यांनी ते पुन्हा करावे लागते. आपले वाडवडील वर्षाचे भात टरफलासकट ठेवीत आणि लागेल तसे कांडून किंवा गिरणीतून भरडून आणीत. त्यात नुसती सवड नव्हती. शाबूत टरफलाच्या दाण्यात सोंड्याचा सहसा शिरकाव होत नाही. आता आपण पॉलिश केलेला तांदूळ पोत्याने आणून ठेवतो आणि किड्यांच्या नावाने बोटे मोडतो.

गव्हात दुसरा एक चोर असतो. तो सोंड्याहून किंचित लहान, नळकांड्यासारखा गोल, आणि त्याचे डोके मानेखाली इतके दडलेले की वरून पाहिले तर बिनडोक्याचा वाटावा. त्याची खरी खूण म्हणजे पोत्याच्या तळाशी साठलेले पीठ. दाणे पोखरून तो खातो थोडे आणि सांडतो फार. पोते हलवले आणि शिवणीतून पिठाची धार लागली, तर तो हाच समजावा.

पिठाचा तांबडा भुंगेरा मात्र निराळ्या स्वभावाचा आहे. तो चपटा, लालसर तपकिरी, चपळ. मैदा, रवा, कणीक यांत तो हटकून सापडतो. अखंड, निरोगी दाणा फोडण्याचे बळ त्याच्या जबड्यात नाही. म्हणून गव्हाच्या कोठीत तांबडा भुंगेरा दिसला तर त्याला दोष देऊन भागायचे नाही. कोठीत चुरा, फुटके दाणे किंवा आधी येऊन गेलेला एखादा पोखरणारा किडा आहे, हेच तो सांगत असतो. त्याच्या अंगातून एक उग्र द्रव्य स्रवते. त्यामुळे पीठ गुलाबी-राखी पडते आणि त्याला वास मारू लागतो. दोन-चार किडे चाळून काढून पीठ वापरणाऱ्या घराला आम्ही नावे ठेवणार नाही. परंतु वास बदललेले पीठ चाळणीने शुद्ध होत नाही. ते टाकूनच द्यावे.

रव्यात, कण्यांत किंवा ज्वारीत दाणे एकमेकांना चिकटून रेशमासारख्या जाळ्याचे गोळे झाले, की ती पतंगाची करणी. संध्याकाळी दिव्याभोवती स्वयंपाकघरात एखादे राखी पाखरू घिरट्या घालते, तेच या जाळीचे मूळ. ते स्वतः काही खात नाही. खाते ती त्याची अळी. गंमत अशी की, ज्या तांदळाच्या पतंगावर आपण एवढे चिडतो, तोच प्रयोगशाळांत मुद्दाम पाळला जातो. त्याच्या अंड्यांवर ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशीच्या कुळातील अतिसूक्ष्म माशी वाढवितात; त्या अंड्यांची कार्डे उसाच्या पानांवर टाचतात, आणि माशी बाहेर पडून खोडकिडीची अंडी नष्ट करते. निपाणी-चिकोडीकडील ऊसकऱ्यांना ही ट्रायकोकार्डे नवी नाहीत. मात्र डब्यातला पतंग पाहून कोणी गृहिणीने आपण शेतीला हातभार लावीत आहोत असे समजू नये!

आता कडधान्याकडे वळू. येथे आम्हांस जरा सविस्तर लिहावेसे वाटते, कारण या किड्याने धान्य जेवढे नासले असेल तेवढेच घरांतले स्वास्थ्यही नासले आहे. आमच्या शिवारात भात काढल्यावर मसूर, हरभरा, वाटाणा अशी पिके घेतात. सुगीला आणलेली मसूर वा चवळी स्वच्छ करून डब्यात भरावी आणि दोन महिन्यांनी झाकण काढावे, तो आत भोकेच भोके आणि तपकिरी भुंगेऱ्यांची जत्रा! सासूबाई म्हणतात, "अगं, डबा ओलाच भरलास वाटतं." सूनबाई मुकाट्याने डोळे पुसते, किंवा हल्लीच्या काळात मुकाट न राहता उत्तर देते. दोहोंचा परिणाम एकच.

खरी गोष्ट अशी की, हा भुंगेरा पुष्कळदा शेतातूनच येतो. पीक उभे असतानाच मादी पक्व शेंगांवर अंडी घालते. अळी दाण्यात शिरते. आणि ज्या दिवशी तो स्वच्छ, निवडलेला दाणा डब्यात पडतो त्या दिवशी शत्रू आतच बसलेला असतो. डबा कितीही घासूनपुसून वाळवलेला असो, त्याला ते कसे थोपवणार? पुढची पिढी मात्र डब्यातच वाढते. तिची खूण अगदी सोपी आहे. दाण्याच्या सालीवर खसखशीएवढे पांढरे ठिपके चिकटलेले दिसतात. ती अंडी होत. काही दिवसांनी सालीआड एक गोल, काळसर खिडकी दिसू लागते. आत भुंगेरा तयार होऊन झाकण ढकलण्याच्या बेतात असतो. बाहेर आलेला प्रौढ भुंगेरा डब्यात काही खात नाही, पंधरवडाभर जेमतेम जगतो, आणि तेवढ्यात पुढच्या पिढीची अंडी घालून मोकळा होतो. तेव्हा पुढच्या वेळी सासूबाईंनी सुनेकडे पाहण्यापूर्वी दाण्याकडे पाहावे, अशी आमची त्यांना नम्र विनंती आहे.

उपायही या ओळखीतच दडलेला आहे. मादीला अंडी चिकटविण्यास अखंड, गुळगुळीत दाणा लागतो. म्हणून डाळ करून ठेवली की या भुंगेऱ्याचा उपद्रव पुष्कळच कमी होतो. अखंड कडधान्याला किलोमागे चमचाभर गोडे तेल किंवा एरंडेल चोळून ठेवण्याची जी जुनी रीत आहे, तिचेही मर्म हेच. तेलाने अंड्यांचा श्वास कोंडतो. राखेत कडधान्य घोळून ठेवणाऱ्या आज्यांना आपण हसलो असू. पण राख दाण्यांमधील फटी भरून काढते आणि किड्याच्या अंगावरील मेणासारखा लेप घासून टाकते, त्यामुळे तो सुकून मरतो. कडुनिंबाचा पाला घालावयाचा तर तो कडकडीत वाळवूनच घालावा. ओला पाला घालणे म्हणजे डब्यात आपल्या हाताने पाऊस पाडणे होय.

निपाणीचे नाव निघाल्यावर तंबाखूच्या किड्याला वगळून कसे चालेल? निपाणीच्या वखारींत तंबाखूच्या पोत्यांवर जो दोन-तीन मिलिमीटरचा, लालसर, पाठीला कुबड असलेला आणि डोके छातीशी दुमडून बसणारा भुंगेरा दिसतो, तोच आपल्या मसाल्याच्या डब्यातही असतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हळकुंडे, सुंठ, धने, मिरचीपूड, इतकेच नव्हे तर पुस्तकांची बांधणीसुद्धा त्याला चालते. निकोटीन हे स्वतःच कीटकांचे विष. एके काळी तंबाखूचा काढा पिकांवर फवारीत असत. हा पठ्ठ्या मात्र तंबाखूतच संसार थाटतो! त्याच्या आतड्यात यीस्टसारखे सूक्ष्म जीव वसतीला असतात आणि ते असली विषे पचविण्यास त्याला साहाय्य करतात. तिखटाच्या डब्याला किडा लागणार नाही, ही समजूत म्हणूनच खोटी आहे. पिठातला तांबडा भुंगेरा चपटा आणि लांबट, तर हा गोलसर आणि कुबडा; एवढा भेद ध्यानात ठेवला की दोघांची गल्लत होत नाही.

सांगलीच्या हळदीचाही हा मोठा शत्रू. त्याच्यापासून हळद वाचविण्यासाठी कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपुरात जमिनीत पेवे खणून हळद ठेवण्याची पद्धत होती. पेवाचे तोंड लिंपून घेतले की आतला प्राणवायू हळूहळू संपतो, आणि किडा, अळी, अंडे यांपैकी कोणालाच जगण्याची सोय राहत नाही. कानडी मुलखात अशाच पेवाला 'हगेव' म्हणतात व त्यात ज्वारी साठवीत. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांची अतोनात हानी झाली. 'पेव फुटणे' हा शब्दप्रयोग आपण रोज करतो. पेव मात्र आता मुलांना चित्रातच दाखवावे लागते. जुनी माणसे पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. ते काही काळ उघडे ठेवून, दिवा सोडून, तो तेवतो की विझतो हे पाहत. ज्या कोंडलेल्या हवेत किडा मरतो, तिच्यात माणूसही मरतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. आज बाजारात हवाबंद पिशव्या मिळतात, त्या या पेवाच्याच धाकट्या बहिणी. त्यांचे तत्त्व तेच. फक्त धान्य आधी चांगले वाळलेले असले पाहिजे. दाणा दाताखाली धरला की कट्ट आवाज झाला पाहिजे, मऊपणे दबता कामा नये.

ज्यांची मुले परदेशी आहेत अशा वाचकांसाठी खापरा भुंगेऱ्याविषयी दोन शब्द. याची प्रौढ अवस्था निरुपद्रवी. सारी नासधूस करते ती केसाळ, तपकिरी अळी. कोरड्या, उष्ण हवेत ती फोफावते, आणि अन्न नसले तर भिंतीच्या भेगेत वर्षानुवर्षे निपचित पडून राहू शकते. या एका किड्याच्या धास्तीने अमेरिकेने २०११ पासून आपल्याकडील प्रवाशांना सामानातून तांदूळ आणण्यास बंदी केली आहे. लेकीसाठी प्रेमाने बांधून दिलेला वासाचा तांदूळ विमानतळावर काढून घेतला जातो, तेव्हा तेथल्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांपुढे हीच केसाळ अळी असते.

धान्याबाहेरचे उपद्रवी थोडक्यात सांगतो. पावसाळ्यात रव्यात वा जुन्या वह्यांत पांढुरके, धुळीच्या कणाएवढे जीव पळताना दिसतात. ते बुरशीवर जगतात. ओल घालवली की आपोआप जातात. 'कसर' हा शब्द आपण दोन निराळ्या प्राण्यांना लावतो. चंदेरी, माशासारखा निमुळता किडा पुस्तकांची खळ आणि खळ दिलेले सुती कापड खातो. रेशीम आणि लोकर खाते ती पतंगाची अळी. आमच्या वडगाव-खासबागच्या विणकर कुटुंबांना हा भेद सांगावयास नको. लाकडाखाली बारीक भुकटी पडत असेल आणि लाकडाला गोल छिद्रे असतील तर तो घुण; मातीच्या नळ्या चढल्या असतील तर ती वाळवी. घुणाने कोरता कोरता चुकून एखादे अक्षर उमटावे, त्यावरून संस्कृतात 'घुणाक्षरन्याय' निघाला. वाळवीला असल्या साहित्यसेवेची हौस नाही. ती अक्षरांसकट ग्रंथ खाते. पहिल्या पावसात दिव्याभोवती पंख गळून पडले, तर ते उचलून पाहावेत. चारही पंख सारखे असतील तर वाळवी, पुढचे मोठे व मागचे लहान असतील तर मुंग्या. पहिल्या बाबतीत घराचे लाकूड तपासावे. दुसऱ्या बाबतीत स्वस्थ झोपावे.

आता त्या औषधाविषयी. धान्यात ठेवायच्या गोळ्या म्हणून जी वस्तू हातोहात मिळविली जाते, ती अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड होय. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून हवेतील ओलाव्याने एक ग्रॅम फॉस्फीन वायू सुटतो. या वायूच्या विषबाधेवर उतारा नाही. मोठ्या वखारीत, ताडपत्रीखाली, जाणत्या माणसाच्या देखरेखीने ही गोळी उत्तम काम करते, हे खरे. म्हणूनच तिची विक्री शासकीय संस्था आणि कीडनियंत्रणाचे अधिकृत काम करणारे यांच्यापुरती मर्यादित केलेली आहे. परंतु ज्या खोलीत कोठी, त्याच खोलीत किंवा तिच्या शेजारच्या खोलीत मुले झोपलेली, पावसामुळे खिडक्या लावलेल्या, आणि कोठीत फडक्यात बांधलेल्या दोन गोळ्या. ही गोष्ट किड्यांचा नव्हे, माणसांचा नाश करणारी आहे. फडके वायूला अडवीत नाही. डब्याचे झाकणही अडवीत नाही. आणि हे सारे कशासाठी? तर पुष्कळदा अशा पतंगासाठी किंवा तांबड्या भुंगेऱ्यासाठी, ज्याला चाळण आणि ऊन पुरले असते!

निर्धोक म्हणून आलेल्या वस्तूंचे पुढे काय झाले, हेही विसरू नये. घराघरांत भुरभुरविली जाणारी गॅमेक्झीनची पूड, म्हणजे बीएचसी, १९९७ मध्ये देशात बंद झाली. धान्याच्या कोठीत फोडावयाच्या ईडीबीच्या काचेच्या कुप्या एके काळी धान्य-बचतीच्या प्रचारात सर्रास सुचविल्या जात. त्या द्रव्यावर २००१ मध्ये बंदी आली. पारा असलेल्या टिकड्या धान्यात ठेवणारी घरे अद्याप आहेत. त्यांनी त्या काढून टाकाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही शाळा चालविणारी माणसे या बाबतीत थोडी भित्री आहोत, आणि तसे असण्यास कारण आहे. कर्नाटकातील सरकारी शाळांत अक्षर दासोह योजनेचे दुपारचे जेवण शिजते. त्यासाठी तांदळाची आणि तूरडाळीची पोती शाळेच्या खोलीत असतात. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले दगावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे शेतीचे कीटकनाशक गेले होते. त्या दिवसापासून शाळेच्या कोठीत कीटकनाशकाची रिकामी बाटलीसुद्धा येऊ द्यावयाची नाही, असा दंडक आम्ही पाळतो. पोती भिंतीपासून हातभर दूर, फळ्यांवर. जुना साठा संपल्यावाचून नवे पोते फोडावयाचे नाही. आणि दर शनिवारी एका पोत्यातले मूठभर तांदूळ पांढऱ्या कागदावर ओतून मुलांनीच पाहावयाचे. सोंड कोणाची, कुबड कोणाचे, हे सहावीतली मुले आता आमच्यापेक्षा लवकर सांगतात.

घरी करावयाचे ते थोडकेच आहे. पन्नास अंश सेल्सिअसच्या वर उष्णता दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोहोचली आणि काही काळ टिकली तर आतल्या अळ्याही मरतात. कडक उन्हात काळ्या कागदावर धान्याचा पातळ थर पसरून वर पारदर्शक प्लॅस्टिक अंथरले, तर एवढी उष्णता साधते; पेरणीच्या बियाण्याला मात्र हा प्रयोग करू नये. रवा, मैदा, मसाले थोडे असतील तर पिशवीत बांधून आठवडाभर शीतपेटीच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. कोठी रिकामी झाली की नवे धान्य भरण्यापूर्वी तिच्या सांध्यांतले जुने पीठ काडीने उकरून काढावे. किड्यांचे बियाणे तेथेच उरते. आणि चाळणीखाली पडलेला किड्यांचा चाळ अंगणाच्या कोपऱ्यात टाकू नये. सोंड्याला पंख आहेत, तांबड्या भुंगेऱ्यालाही आहेत. ते संध्याकाळपर्यंत खिडकीतून परत येतात. तो चाळ उकळत्या पाण्यात टाकावा, किंवा शेजारी कोंबड्या असतील तर त्यांच्यापुढे.